तेल सापडतं, पण वाहतं कसं राहतं?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राच्या तळाखाली तेल लागलं. ‘बॉम्बे हाय’ हे नाव तेव्हापासून घराघरांत पोचलं. ‘सागर सम्राट’चं चित्र पुढे एक रुपयाच्या नोटेवर आलं. अनेकांनी ते हजार वेळा हाताळलं असेल, फार तर कसलं तरी यंत्र आहे इतकंच लक्षात आलं असेल. मे १९७६ मध्ये प्रत्यक्ष उत्पादन सुरू झालं. सुरुवातीला तेल टँकर जहाजांत भरून आणत. मग १९७८ मध्ये समुद्रतळावरून उरणपर्यंत दोन पाइपलाइन आल्या. एक तीस इंची, तेलाची. दुसरी सव्वीस इंची, वायूची. लांबी सुमारे दोनशे किलोमीटर. या पाइपलाइनचं चित्र मात्र कुठल्याच नोटेवर नाही. समुद्राच्या तळाशी पडलेल्या नळीचं चित्र काढायचं तरी काय!

पण उरणचा प्रकल्प, तिथलं वायूवर चालणारं वीजकेंद्र, थळचा खत कारखाना, ट्रॉम्बेच्या रिफायनऱ्यांना मिळालेलं घरचं तेल, हे सगळं उभं राहिलं ते या नळ्या आणि पुढे त्यांच्या जोडीला आलेल्या इतर नळ्या वाहत्या राहिल्या म्हणून. तेल शोधणं एकदाच होतं. ते वाहतं ठेवणं हे रोजचं काम आहे, आणि त्याच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. आज तेच बोलू या.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. विहिरीतून ‘तेल’ येत नाही. येतं ते मिश्रण. त्यात कच्चं तेल असतं, त्यात विरघळलेला वायू असतो, खारं पाणी असतं, कधी वाळू असते, मेण असतं, थोडा कार्बन डायऑक्साइड, कधी गंधकयुक्त विषारी वायू. मुंबई हायमध्ये हे मिश्रण समुद्रतळाखाली हजार-दीड हजार मीटरवर चुनखडीच्या खडकात दबून बसलेलं आहे. तिथं तापमान शंभर अंश सेल्सिअसच्या वर. त्या उष्णतेत आणि दाबाखाली सगळं गुण्यागोविंदाने एकत्र नांदत असतं. आपण भोक पाडतो, दाब कमी होतो, मिश्रण वर यायला लागतं आणि वाटेत थंड होऊ लागतं. इथून भांडणं सुरू होतात. वायू तेलापासून सुटतो, पाणी वेगळं होतं, मेण बाहेर पडतं, क्षारांचे थर बसतात. प्लॅटफॉर्मवरच्या मोठ्या टाक्यांत तेल, वायू, पाणी वेगळं करतात, वायू सुकवतात आणि मग ज्याला त्याला आपापल्या नळीत सोडतात. तरी नळीतली भांडणं पूर्ण मिटत नाहीत.

यातलं आपल्याकडचं सगळ्यात ओळखीचं भांडण म्हणजे मेणाचं. थंडीत पुण्या-नाशिककडे खोबरेल तेलाची बाटली थिजते. मग ती उन्हात ठेवायची, नाहीतर गरम पाण्याच्या भांड्यात. मुंबई हायचं तेल हलकं आहे, चांगल्या प्रतीचं आहे, पण ते मेणाळ आहे. स्थिर ठेवलं तर साधारण तीस अंशांच्या आसपास ते खोबरेल तेलासारखं थिजायला लागतं. आणि अरबी समुद्राच्या तळाशी, पाऊणशे मीटर खोलीवर, पाण्याचं तापमान असतं पंचवीस अंशांच्या आसपास. म्हणजे वैशाखात मुंबई घामाघूम झालेली असताना खाली पाइपलाइनच्या दारात खोबरेल तेलाची थंडी बारा महिने उभी आहे.

थोडा हिशेब करू. तीस इंची नळी, दोनशे किलोमीटर लांब. तिच्यात एका वेळी आठ कोटी लिटरच्या आसपास द्रव मावतो. माणूस सावकाश चालतो त्या वेगाने तेल सरकतंय असं धरलं, तर प्लॅटफॉर्मवरून निघालेला थेंब उरणला पोचायला सव्वादोन-अडीच दिवस लागतात. एवढ्या वेळात तेलाला समुद्राचं तापमान यायला कितीसा उशीर! पुढचा बहुतेक प्रवास ते थिजण्याच्या तापमानाच्या खालीच करतं. मग थिजत कसं नाही? एक तर ते हलतं आहे म्हणून. वाहत्या तेलात मेणाचे स्फटिक एकमेकांत हात गुंफून जाळं करू शकत नाहीत. आणि दुसरं म्हणजे त्यात औषध घातलेलं असतं. थिजण्याचं तापमान खाली आणणारं हे रसायन लाखाला काही भाग इतक्याच प्रमाणात, पण न चुकता, तेल समुद्रात शिरण्यापूर्वी मिसळावं लागतं. मेण वितळत नाही त्याने. स्फटिकांचा आकार बिघडतो आणि त्यांची एकमेकांत गुंफण होत नाही, इतकंच.

तरीही नळीच्या थंड भिंतीवर मेणाचा थर बसतोच. स्वयंपाकघरातल्या मोरीच्या पाइपाला आतून तूप-तेलाचा थर बसतो ना, तसा. भोक लहान होत जातं, पंपाला जोर वाढवावा लागतो. यावरचा उपाय साधा आणि गमतीचा आहे. त्याचं नावच ‘पिग’, म्हणजे डुक्कर. रबरी चकत्या आणि ब्रश लावलेला हा नळीच्या मापाचा गडी प्लॅटफॉर्मवरून नळीत सोडतात. मागून तेलाचा दाब असतो, तो ढकलत नेतो, आणि वाटेतलं मेण खरवडत गडी किनाऱ्यावर निघतो. पूर्वीचे पिग जाताना किंचाळल्यासारखा आवाज करत, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. खरंखोटं तेलवाल्यांना ठाऊक. गंमत बाजूला ठेवली तर यात जोखीम आहे. फार दिवस पिग सोडलाच नाही आणि मग एकदम सोडला, तर पुढे खरवडलेल्या मेणाचा ढीग साचतो आणि गडी मध्येच अडकतो. समुद्राच्या तळाशी, ऐंशी-नव्वद किलोमीटरवर अडकलेला पिग काढणं म्हणजे काय, याची कल्पनाच करावी. म्हणून घरच्या मोरीचाच नियम इथेही. थोडं थोडं, पण नेमाने.

आता खरी काळजीची गोष्ट. प्रवाह थांबला तर?

वीज गेली, पंप बंद पडला, वादळ आलं, कुठे गळतीचा संशय आला. कारणं शंभर असतात. तेल थांबलं की त्याचं थिजणं सुरू. काही तासांत नाही थिजत, पण तास जसे वाढतात तसं मेणाचं जाळं घट्ट होतं, आणि आठ कोटी लिटरचा तो खांब पुन्हा हलवायला लागणारा जोर वाढत जातो. जोर वाढवून वाढवून किती वाढवणार? नळी सोसेल तितकाच. त्यामुळे या क्षेत्रातला जाणकार अभियंता ‘किती तेल वाहतं’ याबरोबरच ‘किती तास थांबलं तर चालेल’ हेही विचारतो. खोल समुद्रातल्या प्रकल्पांत तर या अवधीला नावच आहे, ‘नो-टच टाइम’. उत्पादन बंद पडल्यावर इतके तास कशालाही हात लावला नाही तरी बिघडणार नाही, असा तो अवधी. तो संपत आला की मग धावपळ. औषध सोडा, दाब उतरवा, नळीतलं तेल काढून त्या जागी दुसरं काही भरा.

या सगळ्या विद्येला इंग्रजीत ‘फ्लो अ‍ॅशुरन्स’ म्हणतात. शब्द मूळचा ब्राझीलचा. तिथल्या पेट्रोब्रास कंपनीचे अभियंते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खोल समुद्रात उतरले, तेव्हा त्यांनी पोर्तुगीजमध्ये ‘प्रवाहाची हमी’ असा शब्दप्रयोग केला, तोच जगभर रूढ झाला. आपल्याकडे याला नाव नाही. ‘प्रवाहाची हमी’ हेच मला आवडतं. हमी हा आपल्याकडे रोजगारामुळे आणि शेतमालाच्या भावामुळे ओळखीचा झालेला शब्द आहे. हमी दिली म्हणून ती आपोआप पाळली जात नाही, हेही आपल्याला माहीत आहे.

ब्राझीलला खोल समुद्रात जी अडचण आली तीच आपल्याला पूर्व किनाऱ्यावर आली. मुंबई हायचा समुद्र उथळ आणि कोमट. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, काकीनाड्यासमोर, पाण्याची खोली हजार-दोन हजार मीटरपर्यंत जाते. तळाशी पाणी चार अंशांच्या आसपास, म्हणजे घरच्या फ्रिजइतकं. तिथं मेणाइतकंच भय बर्फाचं. पण हा बर्फ साधा नाही. वायू आणि पाणी दाबाखाली एकत्र आले की पाण्याचे रेणू वायूभोवती पिंजरा करतात आणि पांढरा, घट्ट पदार्थ तयार होतो. त्याला हायड्रेट म्हणतात. साधा बर्फ शून्य अंशाला होतो. हा दाब पुरेसा असला तर दहा-पंधरा अंशांनाही होतो. काडी लावली तर जळतो. एक घनमीटर हायड्रेटमध्ये दीडशेहून अधिक घनमीटर वायू कोंडलेला असतो. अमेरिकेत हिवाळ्यात वायूच्या पाइपलाइन चोंदत, आणि त्या साध्या बर्फाने नव्हे तर हायड्रेटने चोंदतात, हे हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं.

हायड्रेटचा बोळा बसला तर घाई करून चालत नाही. एका बाजूचा दाब उतरवला, तर दुसऱ्या बाजूचा दाब त्या बोळ्याला बंदुकीच्या गोळीसारखा उडवतो. अशा बोळ्यांनी पाइप फुटून माणसं दगावलेली आहेत. दोन्ही बाजूंनी सावकाश दाब उतरवायचा आणि वितळेपर्यंत वाट पाहायची, यात दिवसच्या दिवस जातात. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात मॅकाँडो विहिरीचा स्फोट झाला, अकरा माणसं गेली आणि दीड किलोमीटर खोलीवर तेल वाहू लागलं. त्या वेळी गळतीवर सुमारे शंभर टनांची पोलादी पेटी उतरवून तेल वर खेचण्याचा बेत होता. पेटी खाली पोचली आणि आतून हायड्रेटने चोंदली. हायड्रेट हलकं असल्याने पेटी तरंगायला लागली ती वेगळीच. बेत सोडून द्यावा लागला. शेवटी विहीर बंद झाली ती जुलैमध्ये.

म्हणून काकीनाड्यासमोर २००९ मध्ये वायू सुरू झाला, तेव्हा त्याच्याबरोबर आणखी एक वाहतूक सुरू झाली, ग्लायकॉलची. मोटारीच्या रेडिएटरमध्ये गोठू नये म्हणून घालतात त्याच कुळातला हा द्रव. किनाऱ्यावरून बारीक नळ्यांतून तो समुद्रतळावरच्या विहिरींपर्यंत पाठवायचा, वायूत मिसळायचा, वायूबरोबर तो परत आला की त्यातलं पाणी काढून पुन्हा पाठवायचा. वायू किनाऱ्याकडे आणि ग्लायकॉल समुद्राकडे, अशी ही अखंड ये-जा.

नळीतली आणखी एक खोडी आहे, ती मुंबईकरांना समजावून सांगायलाच नको. सकाळी पाणी यायच्या वेळी नळ आधी फुसफुसतो, मग एकदम पाण्याचा लोंढा, मग पुन्हा हवा. वायूच्या मोठ्या नळीतही असंच होतं. वाटेतल्या खोलगट भागात द्रव साचतो, मागे वायू दाब धरतो, आणि मग द्रवाचा सगळा लोंढा एकदम किनाऱ्यावर येऊन आदळतो. त्याला ‘स्लग’ म्हणतात. हा लोंढा थेट यंत्रात शिरला तर यंत्राचं काही खरं नाही. म्हणून उरणला आणि हजीऱ्याला पाइपलाइन किनाऱ्याला लागते तिथंच हा लोंढा झेलणारी, त्याला विसावा देणारी मोठी व्यवस्था केलेली असते. दाराशीच पाय धुवायला लावण्यासारखं.

आतापर्यंत मी वाहतं ठेवण्याबद्दल बोललो. पण या विद्येची खरी कसोटी थांबवण्यात आहे.

६ जुलै १९८८. उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ प्लॅटफॉर्मवर रात्री स्फोट झाला. १६७ माणसं मेली. लॉर्ड कलेन यांच्या चौकशीत अनेक गोष्टी पुढे आल्या. मला त्यातली एक सतत अस्वस्थ करते. पायपरला आग लागलेली दिसत असताना शेजारचे दोन प्लॅटफॉर्म त्याच जाळ्यात तेल ढकलत राहिले होते. ते दुष्ट नव्हते. उत्पादन बंद करणं ही मोठी गोष्ट, ती आपल्या अधिकारात आहे का, वरून विचारायला हवं का, यात वेळ गेला. ज्यांचं सगळं शिक्षण ‘थांबू देऊ नका’ असं झालेलं असतं, त्यांना ‘आता थांबवा’ हे सुचायला उशीर लागतो.

आपल्याकडे २६ जुलै २००५ ही तारीख कुणी विसरणार नाही. २७ जुलै मात्र त्या पुरात वाहून गेल्यासारखी झाली. त्या दिवशी मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मजवळच्या ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावर एका कर्मचाऱ्याची बोटं कापली गेली. हवामानामुळे हेलिकॉप्टर उडत नव्हती. म्हणून जहाज प्लॅटफॉर्मजवळ आणून त्याला उपचारांसाठी वर घेण्यात आलं. तेवढ्यात उसळत्या समुद्रात जहाज प्लॅटफॉर्मच्या ‘रायझर’वर आदळलं. रायझर म्हणजे समुद्रतळावरची नळी जिथं उभी होऊन प्लॅटफॉर्मवर चढते तो भाग. वायू सुटला, पेटला, आणि दोन तासांच्या आत अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला. बावीस माणसं गेली. साडेतीनशेहून अधिक वाचवली गेली, तीही पावसाळी समुद्रातून. याचं श्रेय नौदलाला, तटरक्षक दलाला आणि आजूबाजूच्या जहाजांना आहे.

दोनशे किलोमीटरच्या नळीत सगळ्यात नाजूक काय, तर ती शेवटची उभी शंभरेक मीटर. तिथंच माणसं राहतात, तिथंच जहाजं लागतात आणि तिच्या मागे किलोमीटरच्या किलोमीटर वायू दाबाखाली वाट पाहत असतो. वरचा झडप बंद केला तरी त्याच्या खालची नळी फुटली तर झडपेचा उपयोग नाही. म्हणून पायपर अल्फानंतर उत्तर समुद्रात झडपा समुद्रतळावर, प्लॅटफॉर्मपासून दूर बसवण्याकडे कल वाढला. झडपा महाग असतात, बहुतेक वर्षं त्यांचं काहीच काम पडत नाही, आणि वार्षिक अहवालात त्यांच्यामुळे एक थेंबही वाढलेला दिसत नाही. माझ्या मते, एखाद्या तेलक्षेत्राची प्रकृती पाहायची असेल तर उत्पादनाच्या आकड्यांआधी या न वापरलेल्या झडपांची चाचणी शेवटची कधी झाली, ते विचारावं.

आता मुंबई हायचं वय पाहा. २०२४ मध्ये शोधाला पन्नास वर्षं झाली. आपल्याला वाटतं, म्हाताऱ्या क्षेत्रातून तेल कमी येतं, म्हणजे काम हलकं होत असेल. उलट आहे. नळी जुन्याच मापाची राहते आणि प्रवाह मंदावतो. अडीच दिवसांचा प्रवास पाच दिवसांचा होतो. मेणाला बसायला निवांत वेळ मिळतो. त्यातून खडकातला दाब टिकावा म्हणून १९८४ पासून मुंबई हायमध्ये समुद्राचं पाणी शुद्ध करून खाली सोडतात, आणि कालांतराने ते तेलाबरोबर वर यायला लागतं. जोरात वाहताना पाणी तेलात मिसळलेलं राहतं. संथ वाहताना ते खाली बसतं, नळीच्या तळाशी चिंचोळी धार धरून. त्या धारेत प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू वस्ती करतात आणि गंधकाचा वायू सोडतात. नळी तळाकडून, आतल्या आत, गंजत जाते.

जानेवारी २०११ मध्ये मुंबई हायहून उरणला येणाऱ्या तेलवाहिनीला गळती लागली आणि समुद्रावर तेलाचा तवंग पसरला. किनाऱ्यापासून दूर होता म्हणून निभावलं. कोळी बांधवांना अशा वेळी काय वाटत असेल ते त्यांनाच विचारायला हवं. त्यांच्यासाठी ही नळी म्हणजे जाळं टाकू नये अशी एक रेघ आहे, बाकी तिच्यातलं काही त्यांच्या वाट्याला येत नाही.

जुन्या नळ्या बदलण्याचं काम मधूनमधून होत असतं. नव्या ठिकाणी नवी तंत्रंही येतात. जानेवारी २०२४ मध्ये काकीनाड्यासमोरच्या खोल समुद्रातून ओएनजीसीचं पहिलं तेल निघालं. ते मेणाळ असल्याने तिथं नळीत नळी, म्हणजे थर्मासासारखी दुहेरी पाइपलाइन टाकली आहे, आपल्या देशात पहिल्यांदाच. पण प्रत्येक जुन्या नळीला थर्मास करता येत नाही. तिला रोजची निगाच लागते. चुंबकीय उपकरणं लावलेला ‘हुशार’ पिग आतून जाऊन भिंत किती झिजली ते किलोमीटरवार नोंदवून आणतो. पंपावरचा कामगार टाकीतली पातळी पाहून औषध ठरल्याप्रमाणे उतरतंय ना, हे प्रत्येक पाळीला तपासतो.

आणि एक अगदी जुनी युक्ती अजून चालते. नळीच्याच जातीच्या पोलादाची बोटभर पट्टी वजन करून प्रवाहात लटकवून ठेवतात. काही महिन्यांनी बाहेर काढतात, धुतात, पुसतात आणि पुन्हा ताजव्यात घालतात. किती मिलिग्रॅम घटलं, त्यावरून नळीचा गंज किती वेगाने चाललाय ते काढतात. आकडा वहीत जातो, पट्टीवर तारीख घालून ती कपाटात जाते, आणि तिच्या जागी नवी पट्टी बसते.